परीक्षा आणि शंका

दरवर्षीं शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे कांहीं पालक आम्हांस भेटून विचारतात, "मास्तर, मुलगा पदार्थविज्ञान घेईन म्हणतो, पण विद्यापीठांत संशोधन करून पुढें त्याचें होणार काय?" हा प्रश्न पोटाचा आहे, त्यास हसण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु विद्यापीठाच्या विज्ञान विभागांत वस्तुतः काय घडतें, हें प्रथम एका उदाहरणानें सांगावें असें वाटतें.

सन १९२१ मध्यें ढाका येथें नवें विद्यापीठ निघालें. त्याच वर्षीं तेथील पदार्थविज्ञान विभागांत सत्येंद्रनाथ बोस हे तरुण अध्यापक रुजू झाले. तापलेल्या पदार्थांतून निघणाऱ्या प्रकाशासंबंधीं जर्मन शास्त्रज्ञ प्लांक ह्यांनीं १९०० सालीं मांडलेला नियम ते शिकवीत. नियम अनुभवास उतरे. पण त्याची ग्रंथांतील सिद्धता अर्धी जुन्या मताची व अर्धी नव्या मताची, अशी ठिगळ लाविलेली होती. जें आपणांस पटत नाहीं तें विद्यार्थ्यांस कसें पटवावें, ही टोचणी बोसांस स्वस्थ बसूं देईना.

त्यांनीं प्रकाशकणांची गणनाच निराळ्या रीतीनें केली. दोन नाणीं उडविलीं तर चार प्रकार संभवतात: दोन्ही छापा, दोन्ही काटा, पहिल्यास छापा व दुसऱ्यास काटा, आणि त्याच्या उलट. पण पहिलें कोणतें व दुसरें कोणतें हा भेदच अस्तित्वांत नसेल, तर तीनच प्रकार उरतात. प्रकाशकण असे परस्परांपासून अभिन्न आहेत असें मानतांच प्लांक ह्यांचा नियम सरळ निघाला. १९२४ सालीं बोसांनीं हा छोटासा निबंध आइन्स्टाइन ह्यांस पाठविला. त्यांनीं तो स्वतः जर्मन भाषेंत उतरवून प्रसिद्ध करविला. बोसांजवळ डॉक्टर ही पदवी नव्हती.

ह्याच विचाराच्या आधारें आइन्स्टाइन ह्यांनीं अतिशय थंड केलेल्या अणूंच्या एका नव्या अवस्थेचें भाकीत केलें. ती प्रयोगशाळेंत दिसावयास १९९५ साल उजाडावें लागलें. बोस १९७४ सालींच निवर्तले होते.

तेव्हां पालकांस आमचें उत्तर असें: संशोधन हा द्रव्याचा जवळचा मार्ग नव्हे, व प्रत्येक जण बोस होणार नाहीं. परंतु ज्यास प्रामाणिकपणें शंका घेतां येते व तिचा धीरानें पाठपुरावा करतां येतो, त्याचें शिक्षण वायां जात नाहीं. मग तो प्रयोगशाळेंत असो कीं कारखान्यांत. दोष केवळ पालकांचा नाहीं. "हें परीक्षेंत येत नाहीं, खालीं बस," असें आम्हीं स्वतः एका विद्यार्थ्यास एकदां म्हटलें आहे. त्यानें पुन्हां हात वर केला नाहीं. ह्याची आम्हांस अद्याप लाज वाटते.

म्हणून पालकांस विनंति कीं, "गुण किती मिळाले?" ह्याबरोबर "आज वर्गांत काय विचारलेंस?" हेंही मुलांस विचारीत जावें. आणि विद्यार्थ्यांनो, एखाद्या शंकेचें उत्तर शिक्षकांस देतां आलें नाहीं, तर निराश होऊं नका. ढाक्याच्या त्या वर्गांतही तें शिक्षकांस आधीं ठाऊक नव्हतें.