पायाखालची सरकती जमीन

आमच्या जळगाव-धुळ्याकडे वरातीच्या बँडात सनई-क्लॅरिनेटपासून ट्रंपेटपर्यंत सारे मिळून एकच चाल वाजवितात. अशा कानांना जॅझ म्हणजे निव्वळ गोंगाट वाटला तर नवल नाही. ज्याने त्याने वाटेल ते फुंकावे! पण वाचकहो, आपल्या गवयाला नसलेले एक बंधन त्या फुंकणाऱ्याला असते.

आपला तंबोरा षड्ज धरून बसतो. गवई कितीही भटकला तरी घर जागचे हलत नाही. जॅझमध्ये घरच हलते. तीनचार सूर एकदम वाजतात, ती कॉर्ड. अशा कॉर्ड्स ठराविक क्रमाने बदलत राहतात आणि वादकाला सुचेल ते वाजवितानाही त्या क्रमाचे भान ठेवावे लागते. मी पडलो मराठीचा मास्तर. मला भुजंगप्रयात आठवते. शब्द कवीचे, पण चार यगण चुकवता येत नाहीत.

घरात पेटी असेल तर भाता धाकट्याकडे द्या. डाव्या हाताने रे-म-ध-सा एकदम दाबा, चार मात्रा. मग प-नी-रे-म, चार मात्रा. शेवटी सा-ग-प-नी, आठ मात्रा. स्वर सारे शुद्धच. आता कान द्या: पहिल्या कॉर्डमधला सा दुसरीत नीवर उतरतो, दुसरीतला म तिसरीत गवर. कॉर्ड बदलते त्या क्षणी उजव्या हाताने नेमके हे उतार गाठा. मग डावा हात थांबला तरी जमीन सरकलेली ऐकू येते. स्विंगचा झोका हवा असेल तर मात्रेचे दोन सारखे तुकडे करू नका. पहिला लांब, दुसरा आखूड.

ही विद्या १९३० नंतर अमेरिकन वादकांनी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणली, आणि चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेल्या गोव्याच्या पोरांनी ती चटकन उचलली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) ट्रंपेट वाजवीत. लोक त्यांना चिक चॉकलेट म्हणत. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांचे ते साहाय्यक होते. रामचंद्रांचे नाव आपल्या घराघरांत आहे. वाझ यांचे कितीजणांना ठाऊक? हा अन्याय मला बोचतो. १९५१ च्या ‘अलबेला’तली गाणी पुन्हा लावा, आणि एकदा तरी लताबाईंना बाजूला ठेवून मागचा ट्रंपेट ऐका.