रडीचा डाव कोणाचा?

निर्मळच्या तळ्याकडील ओट्यांवर पोकेमॉनच्या कार्डांवरून पोरांची जुंपते, तेव्हा भांडण बहुधा वेळेचे असते. हल्ला करून झाल्यावर एकाला एनर्जीचे कार्ड आठवते. दुसरा ओरडतो, रडीचा डाव!

नियम तसा सोपा आहे. कार्डावर वेगळे लिहिले नसेल तर एका पाळीत हातातली एनर्जी एकदाच लावायची, आणि हल्ला केला की पाळी संपली. डाव सुरू करणाऱ्याने पहिल्या पाळीत हल्ला करायचा नाही. २०२० साली त्या पाळीत सपोर्टर कार्डालाही बंदी आली.

पण नियमांचा कागद इंग्रजीत. ज्याला तो वाचता येतो त्याचाच शब्द अखेरचा, आणि मराठी शाळेतले पोर गप्प बसते. हे आम्हाला खुपते. पोथी एकाच्या हाती आणि इतरांनी माना डोलवायच्या, हे आपल्या घरांनी पुष्कळ सोसले आहे.

वेळेचा वाद भिक्खूसंघातही झाला होता. मध्यान्हीनंतर सावली दोन बोटे सरेपर्यंत जेवावे काय, हा वैशालीच्या दुसऱ्या संगीतीपुढचा एक प्रश्न. दोन्ही बाजूंचे चार-चार भिक्खू नेमले गेले. निवाडा झाला, जेवू नये. संघाला सभेचे नियम, गणपूर्ती, मतदान ठाऊक होते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले.

तेव्हा घरातल्या शिकल्या ताईने तो कागद मराठीत मोठ्याने वाचावा, पोरांनी वहीत उतरवावा, मगच कार्डे वाटावीत. तरी अडलेच, तर दोन्हीकडचे एकेक पोर बसवा, आणि वही मध्ये ठेवा.