पुस्तक निघाले श्रीरामपुरात, वाचकापर्यंत जाणार कसे?

अहिल्यानगर : मराठी प्रकाशन म्हटले की पुण्या-मुंबईची नावे पुढे येतात. कवयित्री सुमती लांडे यांचे ‘शब्दालय प्रकाशन’ मात्र श्रीरामपूरचे. उसाच्या या पट्ट्यातून कवितेची पुस्तके आणि ‘शब्दालय’ दिवाळी अंक राज्यभरातल्या वाचकांकडे गेले. तालुक्याच्या गावी राहून पुस्तक काढणे आता तर आणखी सोपे आहे. अक्षरजुळणी लॅपटॉपवर होते, शंभर प्रतीही छापून मिळतात. घोडे अडते ते पाठवणीत.

बुक पोस्ट एवढे महत्त्वाचे का होते?

समजा, कवितासंग्रहाची किंमत 200 रुपये आहे. वितरकामार्फत विकला तर त्यातले 40 टक्क्यांच्या आसपास कमिशनमध्ये जातात आणि उरलेले पैसे कधी हाती येतील याचा नेम नसतो. त्यात कवितेला दुकानात दर्शनी जागा मिळणे मुश्कील. त्यामुळे लहान प्रकाशकाचा हक्काचा ग्राहक पत्त्यावरचाच : नांदेडचा एखादा शिक्षक, चिपळूणचे एखादे वाचनालय. टपाल कार्यालय हेच त्याचे दुकान.

डिसेंबर 2024 मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुक पोस्ट अचानक बंद केले. त्या सेवेत एक किलोची पुस्तके 32 रुपयांत जात. साध्या नोंदणीकृत पार्सलला त्याच वजनाचे 78 रुपये पडत. ओरड झाल्यावर 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, एक किलोला 35, पाच किलोला 100, कर वेगळा. दराबाबत फारशी तक्रार उरली नाही.

मग अडचण कुठे?

नियमात. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तकांना ही सवलत आहे. कादंबरी किंवा कवितासंग्रह ‘सांस्कृतिक’ धरायचा की नाही, हे काउंटरवर ठरणार का? शिवाय ठराविक काळाने निघणारी आणि जाहिराती असलेली प्रकाशने यातून वगळली आहेत. दिवाळी अंक दोन्हीत सापडतो. सवलतीच्या टपालातून व्यापारी कॅटलॉग जाऊ नयेत, हा हेतू रास्तच. पण 1909 मध्ये ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा जाहिरातींवरच उभी आहे आणि अनेक नव्या लेखकांचे पहिले लिखाण तिथेच छापून येते. वर्षातून एकदा निघणाऱ्या साहित्यिक अंकाला अपवाद करायला टपाल खात्याला एक परिपत्रक पुरेल.

कराचा मुद्दाही आहेच. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, म्हणून कागदावर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिटही मिळत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये छपाईच्या कागदावरचा कर 12 वरून 18 टक्के झाला. तो वाढीव भार थेट पुस्तकाच्या खर्चात पडतो. मोठी संस्था तो पाठ्यपुस्तकांच्या विक्रीत पचवते. कवितासंग्रहाच्या 300 प्रती काढणाऱ्याला ती सोय नाही.

नगरला ही अडचण नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये याच शहरात सुरू झाले आणि काही वर्षांतच मुंबईला गेले. तेव्हा इथे ना रेल्वे होती, ना आजच्यासारखे टपाल. आज दोन्ही आहे. दिवाळी अंकांचे गठ्ठे ऑक्टोबरच्या आसपास टपाल कार्यालयात येऊ लागतात; परिपत्रक काढायचे तर त्याआधी निघायला हवे.