‘लग्न झालं की थांबेल’ हे प्रिस्क्रिप्शन नाही

“लग्न झालं की थांबेल.”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा १६ वर्षांची होते. तालुक्याच्या गावचा दवाखाना, मी स्टुलावर, शेजारी आई. डॉक्टर माझ्याशी नाही, आईशी बोलत होते. २२व्या वर्षी पुण्यात ऐकलं, “सोनोग्राफी नॉर्मल आहे, टेन्शन कमी घे.” २६व्या वर्षी, लग्न झाल्यावर, “आता एक मूल होऊ दे, आपोआप सुरळीत होईल.” लग्नाने जे थांबणार होतं ते आता बाळंतपणावर ढकललं गेलं. बाळंतपणानंतर बहुतेक ‘पाळी गेली की थांबेल’ असं सांगितलं असतं.

२८व्या वर्षी लॅप्रोस्कोपी झाली. डाव्या अंडाशयावर सहा सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट होती. अंडाशय आतड्याला चिकटलं होतं. दुसऱ्या दिवशी राउंडला आल्यावर सर्जनने विचारलं, “इतकी वर्षं काय करत होतीस?”

मी काय करत होते? मी डॉक्टरांकडे जात होते.

डॉक्टर तुसडे होते अशी माझी तक्रार नाही. तिघांपैकी दोघी तर फार गोड बोलायच्या. एकीने मला स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला होता. माझी तक्रार अशी की त्यांनी तपासलं नाही. रुग्ण सांगतोय ते खरं मानून पुढची तपासणी करणं हे डॉक्टरच्या स्वभावाचं नाही, कामाचं अंग आहे. छातीत कळ आली म्हणणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला कुणी ‘मुलीचं लग्न झालं की थांबेल’ म्हणून घरी पाठवत नाही. आधी ईसीजी काढतात. मला माझा ईसीजी मिळायला १२ वर्षं लागली.

आता आजाराबद्दल. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तशाच प्रकारची ऊती गर्भाशयाच्या बाहेर वाढते: अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागे, आतड्यावर, मूत्राशयावर. त्यामुळे दाह होतो, व्रणासारखे चट्टे पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात. याला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के मुली आणि स्त्रियांना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना हा आजार आहे. हा काही काल सापडलेला विकार नाही. जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरने अंडाशयावरच्या ‘चॉकलेट’ सिस्टबद्दल १९२१ मध्ये सविस्तर लिहून ठेवलंय. शंभर वर्षं उलटली. एमबीबीएसच्या पुस्तकात त्यावर धडा आहे. म्हणजे माझ्यासमोर बसलेल्या तिघांनीही तो वाचला होता, परीक्षेत लिहिला होता, आणि त्यावर मार्कही मिळवले होते.

मग अडलं कुठे?

पहिलं, घरात. मराठीत दुखण्यासाठी आपण काय शब्द केलेत बघा. दुखणं ‘अंगावर काढायचं’ असतं. थांबायचं असेल, गप्प राहायचं असेल तरी आपण म्हणतो ‘कळ काढ’. सोसणं हे आपल्याकडे आधी गुण असतं, मग कर्तव्य, आणि शेवटी बाईची ओळख. मी नववीत असताना पाळीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात ओकले, तेव्हा आजी म्हणाली, “बाईच्या जातीला हे असायचंच.” आजी वाईट नव्हती. तिच्यासमोर कुणी दुसरं उदाहरणच ठेवलं नव्हतं. आईने गरम पाण्याची पिशवी दिली, ओवा दिला, आणि पुढच्या महिन्यापासून मेफ्टाल.

मेफ्टाल मेडिकलवाला चिठ्ठी न विचारता देतो, काळ्या पिशवीत घालून. कॉलेजला असताना माझी महिन्याला एक स्ट्रिप व्हायची, पुढे दोन. त्यातलं मेफेनॅमिक अ‍ॅसिड हे घटकद्रव्य क्वचित का होईना गंभीर अ‍ॅलर्जिक प्रतिक्रिया घडवू शकतं, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस दिला. गोळी घेऊच नका असं मी म्हणत नाही. मीही घेते. पण पंधरा वर्षांची मुलगी दर महिन्याला स्ट्रिप संपवते, तेव्हा ‘का?’ हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा ना? मेडिकलवाला विचारणार नाही. डॉक्टरने विचारायचा असतो.

दुसरं अडलं ते ‘नॉर्मल’ या शब्दापाशी. पोटावरून केलेली साधी सोनोग्राफी हा आजार सहज चुकवू शकते. पोटाच्या आतल्या पडद्यावरचे बारीक चट्टे तिच्यात दिसतच नाहीत. युरोपियन सोसायटी ऑफ ह्यूमन रिप्रॉडक्शन अँड एम्ब्रिऑलॉजी या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की सोनोग्राफी किंवा एमआरआय नॉर्मल आला म्हणजे एन्डोमेट्रिओसिस नाही असं समजू नये. लक्षणांवरून संशय पक्का असेल तर हार्मोनच्या गोळ्या सुरू करून बघता येतात, त्यासाठी आधी पोट उघडून बघायची गरज नाही. २२व्या वर्षी मला यातलं काहीच सांगितलं गेलं नाही. रिपोर्ट माझ्याकडे सरकवला गेला, जणू यंत्राने साक्ष दिली की मी खोटं बोलतेय. योनीमार्गातून करायच्या सोनोग्राफीत जास्त दिसलं असतं. तो पर्याय माझ्यापुढे ठेवलाच नाही, कारण फॉर्मवर ‘अविवाहित’ लिहिलं होतं. कौमार्याची काळजी माझ्या अंडाशयापेक्षा मोठी ठरली. मला विचारलं असतं तर मी काय निवडलं असतं ते मी सांगितलं असतं.

तिसरं अडलं लग्न आणि मूल या जोडगोळीपाशी. गरोदरपणात पाळी थांबते, म्हणून काही जणींना तेवढे महिने बरं वाटतं, हे खरं. पण गरोदरपण हा या आजारावरचा उपचार नाही. त्याच २०२२ च्या तत्त्वांमध्ये लिहिलंय की केवळ एन्डोमेट्रिओसिस बरा व्हावा म्हणून कुणाला गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये. त्यातही क्रूर भाग असा की हाच आजार अनेकींना दिवस राहू देत नाही. म्हणजे ज्या कुलपामुळे दार अडलंय, त्याचीच किल्ली दाराच्या आत ठेवायची आणि वर म्हणायचं, जा, उघडून घे. शिवाय मूल हे माणूस असतं. ते कुणाच्या ओटीपोटावरचं औषध म्हणून जन्माला घालायचं नसतं.

आता मला उपचार कसा मिळाला ते सांगते. यातला मला सगळ्यात जास्त टोचणारा भाग तोच आहे.

तिसऱ्या डॉक्टरांकडे मी दोनदा एकटी गेले होते. दुसऱ्या वेळी तर आठ महिन्यांचा तक्ता घेऊन गेले: तारीख, दुखणं दहापैकी किती, ऑफिसला किती दिवस दांडी, शौचाला बसताना कळ आली का, किती गोळ्या घेतल्या. बाईंनी तक्त्याकडे बघितलं आणि हसून म्हणाल्या, “आयटीत आहेस का?” पुढच्या महिन्यात मी पीएमटी बसमध्ये चक्कर येऊन पडले. म्हणून तिसऱ्या वेळी नवरा सोबत आला. बाईंनी त्याला विचारलं, “खरंच इतकं दुखतं का हिला?” तो म्हणाला, “हो.”

एवढंच. एक अक्षर. बाईंनी पेन उचललं आणि एमआरआय लिहिला.

माझी १२ वर्षं, आठ महिन्यांचा तक्ता, बसमधली चक्कर, हे सगळं एका बाजूला. ज्याला आयुष्यात पाळी आली नाही त्याचा एक ‘हो’ दुसऱ्या बाजूला. आणि विचारणारी बाई होती. म्हणून ‘लेडी डॉक्टरकडे जा गं’ हा सल्ला मला आता कुणी देऊ नये. तिलाही तिच्या आईने ‘कळ काढ’ म्हटलेलं असतं. तिने स्वतः कळ काढत एमडी केलेलं असतं. स्वतः सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचं सोसणं कधी कधी जास्तच साधं वाटतं.

यावर डॉक्टर मित्र म्हणतात, ओपीडीची गर्दी बघ. सकाळच्या वेळात पन्नास-साठ पेशंट, एकाला तीन मिनिटं. हे मी नाकारत नाही. पण तीन मिनिटांत काय होतं याचा हिशोब करू. ‘लग्न झालंय का, कधी करणार, टेन्शन घेऊ नकोस, वजन बघ जरा’ यात दोन मिनिटं जातात. तेवढ्यात हे प्रश्न विचारून होतात: पाळीत कुठली रोजची कामं जमत नाहीत? शौचाला, लघवीला किंवा संबंधाच्या वेळी दुखतं का? पाळी नसतानाही दुखतं का? गोळीने थांबतं का? चार प्रश्न, चार उत्तरं. सल्ल्यापेक्षा प्रश्नाला जास्त वेळ लागतो, हा समज खोटा आहे.

दुसरा आक्षेप असा येतो की हे शहरातल्या, पगारदार बायकांचं रडगाणं आहे. मग बीडला जाऊ. ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या. सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीत कामावर गेलं नाही तर खाडा, खाड्याचा दंड, मुकादमाची उचल डोक्यावर, आणि खासगी दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ ही भीती. मला म्हणाले काही झालेलं नाही, घरी जा. त्यांना म्हणाले सगळं खराब झालंय, काढून टाका. वरवर हे दोन टोकांचे अन्याय वाटतात, पण मुळाशी एकच गोष्ट आहे: बाई काय सांगतेय ते ऐकून, शोधून, मग उपचार ठरवायचे ही मधली पायरीच गाळलेली. पैसेवालीला गप्प करायचं, गरीब बाईला कापायचं. शोधायचं कुणालाच नाही.

म्हणून वाचणाऱ्या मुलींनो, थोडं कामाचं सांगते. सांगताना चीडही येते, कारण आजारी माणसाने वकिली करायची वेळ यायला नको. पण ती येते.

‘खूप दुखतं’ म्हणू नका, ते वाक्य त्यांना ऐकूच येत नाही. काय जमलं नाही ते सांगा: “गेल्या सहा महिन्यांत नऊ दिवस कामावर जाता आलं नाही.” आजाराचं नाव तुम्ही घ्या आणि विचारा, “एन्डोमेट्रिओसिस नाही हे कशावरून ठरवलंत?” तपासणी नाकारली तर शांतपणे म्हणा, “मी विचारलं होतं आणि तुम्ही गरज नाही म्हणालात, एवढं केसपेपरवर लिहाल का?” या वाक्याने आवाजाची पट्टी बदलते. रिपोर्ट आणि नोंदी मागून घ्या. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं बंधनकारक आहे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेतला हक्क आहे, बेइमानी नव्हे. आणि सोबत कुणी येणार असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की बोलायचं काम तुमचं आहे.

मुलग्यांनो, तुम्हालाही. तुमच्या ‘हो’ला वजन आहे, ते फुकट मिळालेलं आहे. डॉक्टरने तुमच्याकडे बघून विचारलं तर म्हणा, “तिलाच विचारा.” माझ्या नवऱ्यालाही हे नंतर सुचलं. त्या दिवशी तो ‘हो’ म्हणाला याचा मला आनंद आहे, आणि त्याला म्हणावं लागलं याचा राग आहे. दोन्ही एकाच वेळी.

आता मी रोज एक हार्मोनची गोळी घेते. पाळी बंद आहे. दुखणं नऊवरून दोन-तीनवर आलंय. आजार कायमचा जात नाही, गाठ पुन्हा येऊ शकते, हे मला नीट समजावून सांगितलंय. उरलेल्या अंडाशयाचं काय होईल, मूल हवं म्हटलं तर होईल का, याची उत्तरं अजून यायची आहेत. १६व्या नाही, निदान २२व्या वर्षी कुणी शोधलं असतं तर हे प्रश्न वेगळे असते का? असतीलही. ती सहा वर्षं मला कुणीच परत देणार नाही.

ऑपरेशननंतर दवाखान्यात आई माझ्या पायाशी बसली होती. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मलाही असंच व्हायचं गं. म्हणून तर ३८व्या वर्षी पिशवी काढली.”

मी विचारलं, “कशामुळे काढली? काय निघालं होतं?”

“कुणी सांगितलं नाही,” ती म्हणाली. “मी विचारलंही नाही.”

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. तिची धाकटी नववीत आहे, पाळीत दोन-दोन दिवस शाळा बुडते. फोन आईनेच घेतला. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. आई म्हणाली, “अंगावर काढू नकोस. रविवारी घेऊन ये तिला. आणि डॉक्टर काय म्हणतात ते लिहून घ्यायला वही आण.”