घरी ठेवणं म्हणजे जपणं नव्हे

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पुसद, दिग्रस, उमरखेडच्या मोहल्ल्यांत तेव्हा एखाद्या घरातून ऐकू येतं, "त्याला ऐकू कमी येतं, पोरं चिडवतील, राहू द्या घरीच." त्यामागे माया असते, पण मूल दहा वर्षांचं होतं आणि त्याला स्वतःचं नावही लिहिता येत नाही. मुलगी असेल तर कुणी कारणसुद्धा विचारत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. सरकारी किंवा अनुदानित शाळेला, उर्दू असो वा मराठी, अशा मुलाला नाकारता येत नाही. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. प्रवेश मात्र कागदासाठी थांबवू नका.

वर्गात फार काही लागत नाही. कमी ऐकणाऱ्याला पहिला बाक आणि शिक्षकाचं तोंड त्याच्याकडे. कमी दिसणाऱ्यासाठी मोठं अक्षर, फळ्यावरचं मोठ्याने वाचणं. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर. गरज असेल त्याला दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. अडलं तर गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची चौकशी करा.

चिडवणारी पोरं असतातच. पण वर्षभर एका बाकावर बसली की तीच डबा वाटून खातात. अम्मी-अब्बू जन्मभर पुरणार नाहीत. तेव्हा हेच दोस्त कामी येतील.