किल्ली कोणी दिली?

तेरचे प्राचीन नाव तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात येथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. याच तेरच्या गोरोबाकाकांची कथा मराठी घराघरांत सांगितली जाते. माती तुडविताना चित्त विठ्ठलचरणी रमले आणि पायांखाली पोटचे मूल आले, याचे त्यांना भान राहिले नाही. काकांचे चित्त निदान पांडुरंगापाशी होते! आज हाती वाहन आणि दृष्टी मात्र भ्रमणध्वनीवर, अशी आपल्या मुलांची स्थिती आहे.

यावर दंड वाढवा, हा सोपा उपाय सुचविला जातो. २०१९ च्या दुरुस्तीने तो वाढलाही. पण बहुतेक गुन्हे तडजोडीने, पैसे भरून मिटतात. कर्नाटकात २०२३ मध्ये थकीत दंडावर ५० टक्के सवलत जाहीर होताच भरणाऱ्यांची झुंबड उडाली. सवलतीची वाट पाहता येते, तो दंड कसला? ते तर देयक झाले.

न्यायालयाची पायरी चढावी लागते, तेथेच जरब उरते. मद्यपान करून वाहन चालविल्यास पहिल्याच गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे कलम १९९-अ. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, २५,००० रुपये दंड आणि वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द. ‘मला ठाऊक नव्हते’ किंवा ‘मी दक्षता घेतली होती’, हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला. जामिनाची अट म्हणजे शिक्षा नव्हे, हे खरे. तरीही तो संताप रास्त होता. मात्र संतापणाऱ्यांपैकी कितीजणांच्या घरी नववी-दहावीतला मुलगा शिकवणीला दुचाकीवरून जातो? धनिकाची मोटार डोळ्यांत खुपते, आपली दुचाकी ‘सोय’ ठरते.

पोलिसांनी प्रकरण न्यायालयापुढे नेलेच नाही, तर न्यायाधीश तरी काय करणार? आणि चौकात मुलगा अडविला गेला की ओळखीच्या पुढाऱ्याला दूरध्वनी करणारे आपणच असतो. अशा मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही, हे किती पालकांना ठाऊक आहे? जूनमध्ये शाळा उघडतात. पहिल्या पालकसभेत कोणी हे कलम मोठ्याने वाचून दाखवील काय?