पाठवलेला फोन, विकलेला फोन

तिमाही संपली की काही आठवड्यांत एक बातमी ठरल्याप्रमाणे येते. भारताच्या स्मार्टफोन बाजारात अमुक कंपनी पहिली आली, तमुक तिसऱ्या स्थानी घसरली. सोबत रंगीत पट्ट्यांचा आलेख आणि दशांशाच्या एका स्थळापर्यंत दिलेली टक्केवारी. हा विषय व्यापाराच्या पानावरचा, विज्ञानप्रेमींनी त्यात का पडावे, असे काहींना वाटेल. पण इथे मूळ प्रश्न मोजमापाचा आहे: काय मोजले, कोठे उभे राहून मोजले आणि त्यात चूक किती असू शकते? प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे तीन प्रश्न विचारले जातात. कोट्यवधी फोनांच्या बाबतीत ते कोणी विचारत नाही.

जानेवारी २०१८ मधले प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. २०१७ च्या शेवटच्या तिमाहीत शाओमीने सॅमसंगला भारतात मागे टाकले, असे दोन संशोधन संस्थांनी जाहीर केले. कॅनालिसच्या हिशेबाने शाओमीचे ८२ लाख फोन, सॅमसंगचे ७३ लाख. काउंटरपॉइंटच्या हिशेबाने वाटा अनुक्रमे २५ आणि २३ टक्के. सॅमसंगने हे साफ नाकारले आणि जीएफके या जर्मन संस्थेचा दाखला दिला. ग्राहकाच्या हाती पडलेले फोन मोजले तर नोव्हेंबर तिमाहीत संख्येने ४० टक्के आणि किमतीने ४५ टक्के बाजार आपलाच आहे, असे तिचे म्हणणे होते.

एकाच देशातील एकाच कंपनीचा वाटा एका मापाने २३ टक्के आणि दुसऱ्याने ४०. तिमाहीच्या सीमा एखाद्या महिन्याने मागेपुढे असल्या तरी एवढी तफावत त्याने भरून निघत नाही. मग खोटे कोण बोलत होते? बहुधा कोणीच नाही. कॅनालिस आणि काउंटरपॉइंट कंपनीकडून बाजारात रवाना झालेला माल मोजत होत्या. जीएफकेचा भर विक्रेत्याच्या गल्ल्यावर झालेल्या विक्रीवर. शाओमीचे त्या काळातले फोन मोठ्या प्रमाणावर संकेतस्थळांवरून विकले जात. गल्लीबोळांतल्या दुकानांत टाकलेल्या जाळ्यात त्यांतले किती सापडणार? दोन्ही मापे आपापल्या जागी खरी असू शकतात. त्यांना एकाच पट्टीवर बसवून ‘पहिला कोण’ असे विचारणे मात्र चूक. तरी बहुतेक बातम्यांत भांडण रंगले ते दोन कंपन्यांचे. दोन मापनपद्धतींचा फरक शेवटच्या परिच्छेदात, तोही असला तर.

या क्षेत्रात ‘शिपमेंट’ आणि ‘सेल’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. कारखान्यातून निघालेला फोन आधी वितरकाकडे, मग दुकानात आणि अखेर ग्राहकाच्या खिशात जातो. पहिल्या टप्प्यावर मोजले तर ती रवानगी, शेवटच्या टप्प्यावर मोजले तर विक्री. मधल्या काळात दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलेला फोनही पहिल्या हिशेबात ‘विकलेला’च असतो. २०११ च्या जानेवारीत सॅमसंगच्या २० लाख गॅलेक्सी टॅबचा गाजावाजा झाला, तेव्हा ही संख्या विक्रेत्यांकडे पोहोचवलेल्या मालाची आहे हे विश्लेषकांनी खोदून विचारल्यावर उघड झाले. ग्राहकांपर्यंतची विक्री कशी आहे, या प्रश्नाला अधिकाऱ्याने दिलेल्या उत्तरातला ‘स्मूथ’ हा शब्द काहींनी ‘स्मॉल’ असा ऐकला आणि बातम्या उलटसुलट झाल्या. विनोद बाजूला ठेवला तरी, एवढा मोठा निष्कर्ष एका ऐकीव शब्दावर टांगला जावा, यातच या क्षेत्राची अवस्था कळते.

कंपन्या स्वतः आकडे देतील ही आशाही आता फारशी नाही. आपण किती आयफोन विकले हे यापुढे सांगणार नाही, असे ॲपलने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केले. त्यामुळे सुटे भाग पुरवणारे, वितरक, आयातीच्या नोंदी आणि दुकानांचे नमुने यांवरून अंदाज बांधणे एवढेच संशोधन संस्थांच्या हाती उरते. ते काम कष्टाचे आणि कौशल्याचे आहे. त्याची हेटाळणी मला करायची नाही. पण अंदाजाला अंदाजासारखे मांडले पाहिजे. २०२१ मध्ये भारतात आलेल्या स्मार्टफोनांची संख्या आयडीसीच्या मते १६ कोटी १० लाख होती, काउंटरपॉइंटच्या मते १६ कोटी ९० लाख. पुढच्या वर्षी आयडीसीचे १४ कोटी ४० लाख, काउंटरपॉइंटचे १५ कोटी २० लाखांहून थोडे अधिक. म्हणजे दोन्ही वर्षी एकूण बाजाराच्या आकारातच सुमारे ८० लाखांचा, जवळजवळ पाच टक्क्यांचा फरक. मौज पुढेच आहे. जागतिक क्रमवारीत दोन कंपन्यांचा वाटा ०.१ टक्का किंवा त्याहून कमी फरकाने वेगळा असेल तरच आयडीसी त्यांना बरोबरीत मानते. ज्या वजनकाट्यांत आपापसांत पाच टक्क्यांचे अंतर पडते, त्यांतल्या एकावर गुंजभराच्या फरकाने विजेता ठरवण्याचा हा प्रकार आहे.

(एक गोष्ट मात्र या संस्थांच्या बाजूने सांगायला हवी. दोघींचाही कल सारखाच दिसतो: २०२२ मध्ये बाजार आयडीसीनुसार १० टक्के आकसला, काउंटरपॉइंटनुसार ९. घड्याळ पाच मिनिटे पुढे असले तरी तास किती वेळात सरला हे ते बरोबर सांगते. म्हणून एकाच संस्थेचे सलग आकडे पाहावेत, दोन संस्थांच्या आकड्यांची सरमिसळ करू नये.)

कंपनी कशाला म्हणायचे, हाही वादच आहे. पोको हा शाओमीच्या घरातला ब्रँड. कॅनालिस त्याचे फोन शाओमीच्या खात्यात धरते, आयडीसी भारताच्या यादीत त्याला वेगळी ओळ देते. तळटिपेतल्या या एका वाक्याने क्रमांक वरखाली होऊ शकतो. संख्या आणि किंमत यांचेही तसेच. काउंटरपॉइंटच्या २०२३ च्या हिशेबात भारतात संख्येने पहिली होती सॅमसंग आणि महसुलाने पहिली होती ॲपल. दोन्ही कंपन्यांच्या जाहिरात विभागांना त्या वर्षी पेढे वाटता आले असतील.

आपल्याकडे यात पंचांगाचीही भर पडते. दिवाळीचा माल दुकानांत आधीच्या तिमाहीत भरला जातो. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे ते १२ नोव्हेंबरला गेले. सण एकोणीस दिवसांनी पुढे सरकला की माल भरण्याचा हंगामही सरकतो, आणि ‘गेल्या वर्षीच्या याच तिमाहीशी तुलना’ या वाक्प्रयोगातला अर्धा जीव निघून जातो. ग्रेगरियन तिमाहीत चांद्र सण कोंबून काढलेली वाढ ही वाढ की केवळ तिथीचा खेळ, हे त्या एका आकड्यावरून कळणे अशक्य आहे.

हे सारे केवळ काटेकोरपणाच्या हौसेपायी नव्हे. क्रमांकाची झळ कोणाला तरी बसते. तिमाहीच्या अखेरीस आकडा फुगवायचा असेल तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे माल वितरकाच्या आणि दुकानदाराच्या गळ्यात घालणे. लहान शहरातल्या दुकानदाराचे तुटपुंजे भांडवल त्या खोक्यांत अडकते, नवे मॉडेल आले की जुन्याची किंमत पडते, आणि तोवर कंपनी ‘पहिली’ आल्याचे फलक लागून गेलेले असतात. दुसरीकडे, याच टक्केवाऱ्या आपले विद्यार्थी प्रकल्पांत आणि प्रबंधांत स्रोताची छाननी न करता उतरवतात. त्रुटीची मर्यादा न लिहिलेला आकडा भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात गुण गमावतो. तोच बाजाराच्या अहवालात पुरावा म्हणून कसा चालतो, हे शिक्षकांनी तरी विचारावे.

खरे तर भारताला या अंदाजांवर विसंबून राहण्याची गरजच नाही, आणि माझा मुख्य आग्रह इथेच आहे. प्रत्येक फोनला आयएमईआय हा पंधरा अंकी ओळख क्रमांक असतो. १ जानेवारी २०२३ पासून भारतात बनलेल्या किंवा आयात झालेल्या प्रत्येक फोनचा हा क्रमांक पहिल्या विक्रीपूर्वी दूरसंचार विभागाच्या पोर्टलवर नोंदवणे बंधनकारक आहे. हरवलेला फोन सर्व जाळ्यांवर बंद करणारी केंद्रीय व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीसाठी सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’द्वारे देशभर पोहोचली. म्हणजे कोणता फोन नोंदला गेला आणि कोणता प्रत्यक्ष जाळ्यावर आला, ही दोन्ही टोके सरकारी यंत्रणेच्या आवाक्यात आहेत. त्यांवरून ‘या महिन्यात प्रथमच चालू झालेले फोन, कंपनीनुसार’ असा एक साधा तक्ता निघू शकतो. तो दरमहा प्रसिद्ध व्हावा.

अडचणी आहेत, पण त्या सोडवता येण्याजोग्या आहेत. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात, म्हणून जोड्या लावाव्या लागतील. इथे बनून परदेशी गेलेले फोन इथल्या जाळ्यावर येत नाहीत, तेव्हा ते आपोआप गळतील, आणि उत्पादन व विक्री यांची नेहमी होणारी गल्लत टळेल ती वेगळीच. जुना फोन दुरुस्त होऊन पुन्हा विकला गेला तरी त्याचा क्रमांक पूर्वी दिसलेला असल्याने तो दुसऱ्यांदा मोजला जाणार नाही. खासगीपणाची शंका सर्वांत रास्त आहे. त्यावर उत्तर क्रमांकाच्या रचनेतच आहे: त्याचे पहिले आठ अंक केवळ मॉडेल सांगतात. प्रसिद्ध करायची ती या आठ अंकांवरून केलेली एकत्रित मोजणी. व्यक्तीशी जोडणारे पुढचे अंक तक्त्यात येण्याचे कारणच नाही.

हे काही नवल नव्हे. दूरसंचार नियामक प्राधिकरण दरमहा मोबाइलच्या एकूण जोडण्यांबरोबर प्रत्यक्ष सक्रिय जोडण्याही देते, आणि कंपन्यांच्या फुशारकीचा फुगा त्या दुसऱ्या स्तंभात फुटतो. वाहन उद्योगात तर दोन्ही मापे शेजारी शेजारी नांदतात. उत्पादकांची संघटना ‘सियाम’ कारखान्यातून विक्रेत्यांकडे गेलेली वाहने मोजते, विक्रेत्यांची संघटना ‘फाडा’ ‘वाहन’ प्रणालीतली नोंदणी मोजते, आणि दोहोंतल्या फरकावरून विक्रेत्यांकडे किती माल तुंबला आहे याचा सुगावा लागतो. फाडाच्या तक्त्यात बरीच वर्षे तेलंगण नसे, आणि तसे तिथेच स्पष्ट लिहिलेले असे. फोनच्या आलेखांखाली मला नेमके असे वाक्य हवे आहे.

असे आकडे उघड झाले तर आमचे व्यापारी गुपित फुटेल, असा आक्षेप फोन कंपन्या घेतील. मारुती, ह्युंदाई, टाटा आणि महिंद्रा यांच्या किती गाड्या गेल्या महिन्यात रस्त्यावर आल्या हे आज कोणालाही वाचता येते, आणि त्यांच्यातली स्पर्धा त्यामुळे थंडावल्याचे दिसलेले नाही.